दाभोळ: पैसा परका, जोखीम घरची

दाभोळच्या धक्क्यावरून फेरीबोटीने धोपाव्याला निघालात, की उजव्या हाताला, वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते त्या तोंडाशी, धुरांडी आणि टाक्या दिसू लागतात. पर्यटक मोबाइल काढतात आणि म्हणतात, "तो बघ दाभोळचा प्रकल्प." खरे तर दाभोळात त्या प्रकल्पाची एक वीटही नाही. दाभोळ उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात. प्रकल्प दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात, अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या जमिनीवर, गोपाळगडाच्या शेजारी. ज्यांची जमीन गेली त्यांचे नाव प्रकल्पाला लागले नाही, आणि ज्या कंपनीचे नाव लागले ती २००१ मध्ये दिवाळखोरीत निघाली. तरी आजही तिथे अनेकांच्या तोंडी शब्द एकच आहे, 'एनरॉन'.

परकी गुंतवणूक विकसनशील देशाला तारते की बुडवते, या वादात दाभोळचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो. एकाचे म्हणणे, बघा, परक्या कंपनीने लुटले. दुसऱ्याचे म्हणणे, बघा, राजकारण्यांनी आलेला गुंतवणूकदार पळवला. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पैसा कुठल्या देशाचा, यापेक्षा धंद्यातला धोका कोणाच्या खात्यावर मांडला गेला हे पाहिले, की हे प्रकरण बरेच उलगडते. त्यासाठी मोर्च्यांच्या आधी करार वाचायला हवा.

घाईचा जून

१९९१ मध्ये देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते, सोने गहाण टाकले गेले होते. त्याच वर्षी वीजनिर्मिती खासगी आणि परक्या कंपन्यांना खुली झाली. राज्यांची वीज मंडळे कर्जात होती, नव्या केंद्रांसाठी सरकारकडे पैसा नव्हता, आणि वीज नसेल तर कारखाने येणार नाहीत ही भीती खरी होती. हे विसरून पुढचे सगळे मूर्खपणाचे किंवा भ्रष्टाचाराचे ठरवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही.

मे १९९२ मध्ये भारतीय अधिकाऱ्यांचे शिष्टमंडळ अमेरिकेत गेले, गुंतवणूकदारांना आमंत्रणे दिली. जूनमध्ये ह्यूस्टनच्या एनरॉन कंपनीची माणसे भारतात आली आणि २० जून १९९२ रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने त्यांच्याशी सामंजस्य करार केला. आल्यापासून सहीपर्यंत आठवडासुद्धा लागला नाही. निविदा निघाली नाही, दुसऱ्या कोणाची किंमत विचारली गेली नाही. आपल्याकडे गावच्या समाजमंदिराच्या पत्र्यांना तीन दरपत्रके लागतात. इथे २,०१५ मेगावॉटचे केंद्र ठरत होते, आणि त्याला भारतातली तोवरची सर्वांत मोठी परकी गुंतवणूक म्हटले जाणार होते.

एनरॉनचा वाटा ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा प्रत्येकी १०. या दोन कंपन्या यंत्रे पुरवणाऱ्या आणि प्रकल्प बांधणाऱ्याही होत्या, म्हणजे मालकही त्याच आणि प्रकल्पाचे बिल लावणाऱ्याही त्याच. मिळून झाली दाभोळ पॉवर कंपनी. इंधन म्हणून आयात केलेला द्रवरूप नैसर्गिक वायू, आणि तो येईपर्यंत नाफ्था, म्हणजे कच्च्या तेलापासून निघणारे द्रव इंधन.

एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला. खासगीकरणाचा आग्रह धरणारी हीच बँक. तिचे म्हणणे असे की महाराष्ट्राच्या गरजेच्या मानाने केंद्र फार मोठे आहे, आयात वायूची वीज रात्रंदिवस चालवण्यासाठी फार महाग आहे, आणि ती घ्यायची तर कोळशाची स्वस्त वीज बंद ठेवावी लागेल. सात वर्षांनी जे घडले ते जवळजवळ शब्दशः त्या आक्षेपात होते. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी, शरद पवार मुख्यमंत्री असताना, वीस वर्षांचा वीज खरेदी करार झाला. राज्याने हमी दिली, पुढे केंद्र सरकारने त्या हमीवर प्रतिहमी दिली. करार मात्र गुप्त होता. जो पुढची वीस वर्षे बिल भरणार, त्या ग्राहकाला तो पाहायला मिळत नव्हता.

कराराच्या आत

हापूसच्या एखाद्या बागायतदाराने वर्षभराच्या कराराने टेम्पो घेतला असे समजा. भाडे महिन्याचे ठरलेले. आंबा चार महिने, टेम्पोचे भाडे बारा महिने. टेम्पो दारात उभा राहिला तरी भाडे द्यायचे, फक्त चालक हजर असला की झाले. डिझेलची किंमत वाढली तर ती बागायतदाराची. आणि भाडे डॉलरमध्ये. बाग त्याची, टेम्पो दुसऱ्याचा, आणि धोका सगळा बागेच्या मालकाचा. दाभोळचा करार साधारण असा होता.

विजेच्या दराचे दोन भाग होते. एक स्थिर आकार, म्हणजे केंद्र बांधल्याबद्दल आणि चालू स्थितीत ठेवल्याबद्दल. वीज घेतली किंवा न घेतली, तो द्यायचाच. दुसरा इंधनाचा खर्च, जो बाजारभावाने थेट मंडळाकडे येणार. स्थिर आकाराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. म्हणून युनिटचा दर हा ठरलेला आकडा नव्हताच. समजा स्थिर आकार महिन्याला १०० रुपये आहे. मंडळाने १०० युनिट उचलली तर युनिटमागे एक रुपया, २५ उचलली तर चार रुपये. कमी वीज घ्याल तितकी महाग. काटकसरीला दंड करणारा करार दुसरा कुठला असेल तर मला माहीत नाही.

आता धोके मोजा. मागणी वाढली नाही तर मंडळाचे नुकसान. रुपया घसरला तर मंडळाचे. कच्चे तेल महागले तर मंडळाचे. मंडळ बुडाले तर राज्य, राज्य अडले तर केंद्र. तंटा झाला तर लवाद लंडनमध्ये. कंपनीकडे उरला तो केंद्र वेळेत बांधण्याचा आणि ते चालू ठेवण्याचा धोका. १९९३ मध्ये डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००० च्या अखेरीस ४६ च्या वर गेला. कच्चे तेल १९९८ मध्ये पिंपाला १२ डॉलरच्या घरात होते, २००० मध्ये तिशीला टेकले. वीस वर्षांच्या करारात असे चढउतार येणारच. प्रश्न एवढाच, की ते सोसायला ज्याच्या खांद्यावर ठेवले त्याचा खांदा सर्वांत दुबळा होता.

आणि 'परकी' गुंतवणूक किती परकी होती? भांडवलाचा मोठा हिस्सा कर्जाचा. त्या कर्जात आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआय अशा भारतीय संस्था खोल गुंतलेल्या, प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात तर विशेषच, आणि परक्या बँकांच्या काही कर्जांनाही याच संस्थांच्या हमी. परक्या कंपनीचे स्वतःचे भाग भांडवल त्या मानाने थोडे. तेही सुरक्षित करायला अमेरिकी सरकारच्या विमा संस्थेने राजकीय धोक्याचे विमे उतरवले होते. अमेरिकी गुंतवणूकदारांना पुढे त्या विम्याचे पैसे मिळाले. वीज मंडळाचा असा विमा कोणी उतरवला नव्हता.

समुद्रात बुडवणे आणि बाहेर काढणे

१९९५ च्या निवडणुकीत गोपीनाथ मुंडे यांची 'एनरॉन अरबी समुद्रात बुडवू' ही घोषणा गाजली. शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले, मुंडे यांच्या अध्यक्षतेखाली मंत्र्यांची समिती बसली आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले. सरकारने न्यायालयात धाव घेऊन करार फसवणुकीने झाल्याचा दावा केला. कंपनीने लंडनला लवाद सुरू केला. अमेरिकी ऊर्जा खात्याने, हा प्रकल्प मोडला तर इतर प्रकल्पांवर परिणाम होईल, असा इशारा आधीच देऊन ठेवला होता.

नोव्हेंबरात कंपनीच्या रिबेका मार्क मुंबईत बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या. फेरवाटाघाटी झाल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये तोच प्रकल्प परत आला, आकाराने मोठा होऊन. २,०१५ चे २,१८४ मेगावॉट झाले. आधी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पा बंधनकारक झाला. दर २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ऐंशी-नव्वद पैशांच्या घरात आणला, असे सांगितले गेले. पुण्याच्या 'प्रयास' या गटाने तेव्हाच हिशेब मांडून दाखवले की करारातला धोका होता तिथेच आहे, कपात बरीचशी कागदावरच्या गृहीतकांची आहे. त्यांचे आकडे कोणी खोडले नाहीत, वाचलेही फारसे नाहीत.

मे १९९६ मध्ये वाजपेयींचे तेरा दिवसांचे सरकार कोसळत असताना, अखेरच्या तासांत, मंत्रिमंडळाने सुधारित प्रकल्पाच्या प्रतिहमीला मंजुरी दिली. काँग्रेसने सही केली, विरोधकांनी ती पुसून पुन्हा मोठ्या अक्षरांत केली. हे आठवले की 'राजकारण्यांनी गुंतवणूकदार पळवला' हे वाक्य मला गमतीचे वाटते. उच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये कामगार संघटनेची प्रकल्पाविरुद्धची याचिका फेटाळली, पण फेटाळताना राजकीय हिशेब लोकहितावर कशी मात करतात यावर कोरडे ओढायला ते विसरले नाही.

वेलदूर

गुहागर तालुका तसा मनीऑर्डरवर चालणारा. एक पाय गावात, एक मुंबईच्या गिरणीत, पुढे आखातात. उरलेल्यांची भातखाचरे, आंबा-काजू, आणि खाडीकाठी मासेमारी. औद्योगिक विकास महामंडळाच्या कायद्याखाली जमीन संपादन झाले. या कायद्यात 'नको' म्हणायला फार जागा नसते. गावकऱ्यांच्या शंका साध्या होत्या. गोड्या पाण्याचे काय? यंत्रे थंड करून सोडलेल्या पाण्याने खाडीतली मासळी हटली तर? कलमांना धुराचा त्रास झाला तर? या शंकांना उत्तर म्हणून तज्ज्ञ कमी आले, राज्य राखीव दलाचे पोलीस जास्त.

१९९६ च्या अखेरीपासून निदर्शने वाढली आणि जमावबंदीचे आदेश नित्याचे झाले. मेधा पाटकर, निवृत्त न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांसारख्यांना तालुक्यात येण्यापासून रोखले गेले. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळीवस्तीत शिरले. पुरुष बरेचसे होडीवर गेलेले. दारे फोडून बायकांना बाहेर ओढले, मारले, गाडीत घातले. त्यांत एक गर्भवती होती. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी यावर अहवाल दिला. ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ मध्ये सविस्तर नोंद केली आणि एक बाब पुढे आणली: तिथे नेमलेल्या पोलिसांचा खर्च कंपनी सरकारला देत होती. कायद्यात अशी सोय आहे, त्यामुळे बेकायदा काही नव्हते. पण ज्याच्या विरोधात तक्रार करायची त्याच्याच पैशाने उभी असलेली चौकी गावाला काय सांगते, हे वेगळे लिहायला नको.

फायदा कोणालाच झाला नाही असेही नाही. बांधकामाच्या वर्षांत गुहागर-चिपळूण पट्ट्यात खोल्यांची भाडी चढली, खानावळी निघाल्या, कोणी कर्ज काढून डंपर घेतले, कोणी माणसे पुरवण्याचे ठेके. काही घरांत पहिल्यांदा महिन्याचा पगार आला. त्याच पैशाने गावेही चिरली. ठेका मिळालेला भाऊ आणि मोर्च्यात गेलेला भाऊ एका पंगतीत बसेनासे झाले. आणि वीज केंद्राचा स्वभावच असा, की बांधताना हजारो हात लागतात, चालवायला काही शे, तेही शिकलेले. २००१ च्या जूनमध्ये दुसऱ्या टप्प्याचे काम जवळजवळ पुरे होत आलेले असताना थांबले. कर्जाचे डंपर तसेच दारात.

बिल येते

पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. त्याच सुमारास राज्यात वीज नियामक आयोग आला आणि एक झाकलेली मूठ उघडली. मंडळ वर्षानुवर्षे पंधरा-अठरा टक्के गळती सांगत आले होते, ती तपासणीत तीस टक्क्यांच्या वर निघाली. शेतीपंपांच्या मीटर नसलेल्या वापरात चोरीही मुरवलेली होती. म्हणजे मागणीचा अंदाज, ज्यावर दोन हजार मेगावॉटची गरज उभी केली, तोच पाया भुसभुशीत. आयोगाने सांगितले, स्वस्त वीज आधी घ्या, महाग नंतर. कोराडी, चंद्रपूरच्या कोळशापुढे दाभोळचा नाफ्था टिकणार नव्हता. दाभोळची वीज कमी उचलली, की वर सांगितलेल्या गणिताप्रमाणे युनिटचा दर चढला. २००० च्या काही महिन्यांत तो सात रुपयांच्या पुढे गेला. ग्राहकाकडून मंडळाला सरासरी त्याच्या निम्मेही मिळत नव्हते.

२००० च्या अखेरीस मंडळ बिले थकवू लागले. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीने केंद्र सरकारच्या प्रतिहमीवर बोट ठेवले. मंडळानेही करारातले आपल्या बाजूचे एक कलम शोधून काढले: बंद वीज केंद्र ठरल्या तासांत पूर्ण क्षमतेला आले पाहिजे. २८ जानेवारीला तशी वीज मागितली, ती वेळेत आली नाही, आणि ४०१ कोटींचा दंड लावला. जुन्याजाणत्या अभियंत्यांना यात समाधान वाटले असणार. मेमध्ये मंडळाने करार मोडला, २९ मे २००१ रोजी केंद्र बंद पडले.

एप्रिल २००१ मध्ये, राज्याने प्रकल्प तपासायला नेमलेल्या माधव गोडबोले समितीचा अहवाल आला होता. दीपक पारेख, आर. के. पचौरी, किरीट पारीख, ई. ए. एस. शर्मा असे सदस्य, म्हणजे परक्या भांडवलाचे विरोधक म्हणता येतील असे नव्हेत. समितीने राज्य आणि केंद्र, नोकरशाही आणि मंत्री, सगळ्या पातळ्यांवर कारभार फसल्याचे लिहिले आणि न्यायालयीन चौकशी सुचवली. कुर्डूकर आयोग नेमला गेला, पण केंद्र आणि राज्याच्या कायदेशीर ओढाताणीत त्याचे काम अडले. २ डिसेंबर २००१ रोजी एनरॉन अमेरिकेतच दिवाळखोरीत गेली, हिशेबातल्या लबाडीने. सर्वोच्च न्यायालयात कामगार संघटनेचे उरलेले प्रकरण २०१९ मध्ये, इतका काळ लोटला म्हणून, बंद झाले.

चाकण शेजारीच आहे

याच राज्यात दुसरा नमुना आहे. फोक्सवॅगनने २००९ मध्ये चाकणला कारखाना उघडला. गाड्या अपेक्षेइतक्या खपल्या नाहीत तेव्हा नुकसान फोक्सवॅगनचे झाले. वर्षाला इतक्या गाड्या आम्ही घेऊच, न घेतल्या तरी पैसे देऊ, असे महाराष्ट्राने लिहून दिले नव्हते. सवलती दिल्या, आणि त्या कमी नव्हत्या, पण धंद्याचा धोका धंदेवाल्याकडे राहिला. आजूबाजूला सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले, आयटीआयच्या पोरांना हातात काम आले.

तिथेही सगळे गोड नाही. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला आणि कामगारांना बरीच वर्षे कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. पण ती इमारत पुढे ह्युंदाईने घेतली. कंपनी गेली तरी राज्याच्या वीजबिलात तिचे भूत उरले नाही. वीज, पाणी, रस्ते यांत ग्राहकाला दुसरे दुकान नसते, म्हणून तिथे परके भांडवल आणताना करार दहादा वाचायला हवा, हा फरक १९९२ मध्ये आपल्या कोणालाच पुरता कळला नव्हता असे मला वाटते. कळला होता त्यांचे ऐकले गेले नाही.

नंतरची वर्षे

२००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्या, वित्तसंस्था आणि राज्य मंडळ यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी काढली. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल तडजोडीची रक्कम घेऊन बाहेर पडल्या. भारतीय बँकांचे अडकलेले पैसे शेवटी सार्वजनिक पैशानेच सोडवले गेले. योगायोग असा, की त्याच सुमारास महाराष्ट्र दहा-दहा, बारा-बारा तासांच्या भारनियमनात सापडला होता. १९९९ मध्ये नको झालेली वीज २००५ मध्ये हवी होती. सगळी भिस्त दाभोळवर ठेवून राज्याने मधल्या काळात स्वतःचे फारसे काही उभारले नव्हते. हाही खर्च त्याच करारात धरायला हवा, जरी तो कुठल्या ताळेबंदात दिसत नाही.

केंद्र २००६ मध्ये पुन्हा धडधडले. मग कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटला आणि २०१३ मध्ये परत शांत झाले. २०१५ च्या अखेरीस पाचशे मेगावॉटच्या आसपास वीज रेल्वेसाठी निघू लागली.

अंजनवेलच्या जखमेने कोकणाला एक सवय लावली. जैतापूरला फ्रेंच अणुभट्ट्या येणार म्हटल्यावर, नाणारला सौदी अराम्कोच्या भागीदारीची रिफायनरी येणार म्हटल्यावर, लोकांनी पहिला प्रश्न नोकऱ्यांचा विचारला नाही. कागद दाखवा, म्हणाले. मुंबईत याला विकासविरोध म्हणतात. नाणारची भूसंपादनाची अधिसूचना २०१९ मध्ये मागे घ्यावी लागली. तो प्रकल्प चांगला होता की वाईट, हा वेगळा लेख. पण सरकारच्या शब्दावरचा विश्वास हेही भांडवलच असते, आणि ते या किनाऱ्यावर १९९७ मध्ये खर्ची पडले होते.

राहिला तो वायूचा धक्का. ओमान आणि अबू धाबीहून जहाजे येणार म्हणून तो आखला होता. एनरॉन गेली तेव्हा लाटा अडवणारा बांध अर्धवट होता. टर्मिनल २०१३ मध्ये सुरू झाले, पण बांध पुरा नसल्याने पुढे कित्येक वर्षे जूनपासून सप्टेंबरपर्यंत जहाज लागू शकत नसे. तिथे उतरणारा वायू घेऊन एक नळ घाट चढतो आणि कर्नाटकात शिरून बंगळूरपर्यंत जातो. वेलदूरच्या होड्याही पावसाळ्यात किनाऱ्याला ओढलेल्या असतात.